तपासण्या मोजता, तशा कॅप्सूलही मोजा

प्रति,
मा. मंत्री महोदय, मा. सचिव आणि सिकलसेल कार्यक्रमाशी संबंधित सर्व अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

सप्रेम जय भीम.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या एका गावात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज, गावातल्या माणसाचं सरकारशी जे काही देणंघेणं असतं ते बहुतेक माझ्या काउंटरवरून जातं. माझी धाकटी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिला सिकल आहे, रक्ताचा वंशपरंपरेनं येणारा आजार; एस-एस, आईबाप दोघांकडूनही आलेला. म्हणजे फॉर्म भरणाराही मी आणि फॉर्म घेऊन वणवण करणाराही मीच. गावाचं, तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की एखाद्या सिस्टरला नोटीस जाईल, ती बिचारी खुलासा लिहून देईल आणि फाइल बंद होईल. मला तसं नको आहे.

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी शेजारच्या गावच्या एक बाई दुकानात आल्या. पिशवीतून घडी घातलेला रिपोर्ट काढला, काउंटरवर हातानं सरळ केला, दुकानात दुसरं कोणी नाही हे पाहिलं आणि हळूच विचारलं, “भाऊ, झेरॉक्समदी हे ए-एस मिटवता येते का जी? रविवारी पाहुणे येऊन रायले पोरगी पाहाले.”

मी त्यांना स्टुलावर बसवलं. म्हटलं, मावशी, ए-एस म्हणजे आजार नाही, तुमची पोरगी फक्त वाहक आहे. नवरदेव ए-ए, वाहकही नसलेला, असला तर यांच्या लेकरांना सिकल होणारच नाही. दोघंही ए-एस निघाले तर भीती, आणि तीही चारांत एक. (इथं अजून एक घोळ होतो. लोक समजतात, चार लेकरांपैकी एकाला होणार, पहिल्याला झाला म्हणजे बाकीचे तीन सुटले. तसं नसतं. दर बाळंतपणाला फासे नव्यानं पडतात.) बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग रिपोर्टची घडी घालत म्हणाल्या, “तुमाले समजते. पाहुण्याईले कोन समजावते?”

मी काही मिटवून दिलं नाही. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत, म्हणून पुढं काय झालं ते माहीत नाही. पण हे समजावायचं काम एका झेरॉक्सवाल्याकडं कसं आलं, हे मात्र विचारावंसं वाटतं. ज्या शिबिरात त्या मुलीला तो कागद मिळाला तिथं रांगेत नाव पुकारलं आणि हातात दिला, एवढंच झालं होतं.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. आदिवासी भागातल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट ठरलं. मी या अभियानाच्या विरोधात नाही. उलट, आमच्या वेळी ते असतं तर बरं झालं असतं. पोरगी आठ महिन्यांची होती तेव्हा तिचे दोन्ही तळहात आणि पाय एकदम सुजले. कोणी म्हणालं विंचू चावला असेल, कोणी म्हणालं नजर. पुढं डोळे पिवळे दिसायला लागले, तर आम्ही तिला कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. एकदा नाही, तीनदा. झाडपाल्याचा रस पाजला, गळ्यात माळ घातली. ती माळ जसजशी लांब होईल तसतशी कावीळ उतरते म्हणतात. माळ लांब झाली, डोळे पिवळेच राहिले. पोटात डाव्या बाजूला गोळा लागायला लागला तेव्हा कुठं नागपूर गाठलं. पोरगी तीन वर्षांची होऊन गेली होती. त्या सुजेला, त्या पिवळेपणाला आणि पोटातल्या त्या गोळ्याला एकच नाव आहे, हे तिथं कळलं.

तेव्हा तपासणीचं मोल मला कोणी सांगायला नको. माझं म्हणणं पुढचं आहे. तुम्ही तपासणीपर्यंत आमच्यासोबत येता आणि निकालाचं कार्ड देऊन परत जाता. आजार मात्र कार्डाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल आहे. सिकलमध्ये रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारक्या नसांत अडकते, मग हाडं ठणकतात. धान कापणाऱ्या माणसाला विळा काय करतो ते सांगावं लागत नाही, म्हणून आमच्याकडं हे पटकन समजतं. ही कॅप्सूल रोज घेतली तर पेशी वाकण्याचं प्रमाण कमी होतं, दुखण्याचे झटके कमी येतात, रक्त चढवायची पाळी कमी येते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी लहान मुलांवर कमी मात्रेत ही कॅप्सूल वापरून दाखवली, तिचा गुण येतो हे मांडलं. म्हणजे हे ज्ञान अमेरिकेतून आणायचं नाही, आमच्या घरापासून एका दिवसाच्या एसटीच्या अंतरावर आहे.

पण ‘रोज’ हा शब्द त्या कॅप्सूलमधला खरा औषधी भाग आहे. आणि रोज मिळत नाही. माझ्या घरी कालनिर्णयवर मी खुणा करतो, कॅप्सूल घेतली की टिक, नव्हती म्हणून चुकली की फुली. मागची दोन वर्षं चाळली तर सलग चार महिने फुलीशिवाय गेलेले सापडत नाहीत. “स्टॉक संपला, पुढच्या आठवड्यात या.” पुढच्या आठवड्यात गेलं की दहा कॅप्सूल मिळतात, बाकीच्या “मागवल्यात”. मग मी मेडिकलमधून घेतो, कारण माझं दुकान आहे, रोज दोन पैसे हातात येतात. ज्याचा बाप रोवण्याच्या मजुरीवर आहे त्यानं काय करायचं? तालुक्याला जायचं म्हणजे त्याची दिवसाची मजुरी बुडते. सिकलसेलच्या रुग्णाला साध्या एसटीत प्रवास मोफत आहे, चांगली सवलत आहे. फक्त आमच्या गावावरून साधी एसटी सकाळी एक जाते आणि संध्याकाळी एक येते. औषधाची खिडकी बारा वाजता बंद होते म्हणून चुकली, तर माणूस पोरगं मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसतो.

या कॅप्सूलवर असताना मधून मधून रक्ताच्या पेशी मोजाव्या लागतात. त्या जास्त घसरल्या तर मात्रा कमी करावी लागते. आमच्याकडं मशीन आहे, पण कधी रिएजंट (तपासणीचं रसायन) नसतं, कधी टेक्निशियन. मग डॉक्टर म्हणतात, “बाहेरून करून आणा.” बाहेरून न करता लोक काय करतात, तर कॅप्सूलच बंद करतात. त्यांना कोणी तरी सांगितलेलं असतं की हे कॅन्सरचं औषध आहे. ते खोटं नाही. कॅन्सरमध्येही ते वापरतात. पण अर्धं सांगून सोडलं की उरलेलं अर्धं भीती भरून काढते.

आणि कॅप्सूल येते 500 मिलिग्रॅमची. वीस किलोच्या लेकराला किलोमागं 10 मिलिग्रॅम धरलं तर लागतात 200. आमची पोरगी लहान होती तेव्हा बायको रात्री कंदिलाजवळ (लाइट आमच्याकडं पाहुण्यासारखी असते) बसून कॅप्सूल उघडायची, भुकटी कागदावर पसरून नखानं वाटे करायची. या भुकटीला उघड्या हातानं शिवू नये, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं, तेही एका शिकाऊ डॉक्टरनं सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून. हायड्रॉक्सीयुरियाचं पातळ औषध आता आपल्याच देशात तयार होतं. ते आमच्या उपकेंद्रात कधी येणार, हा माझ्या दृष्टीनं 2047 पेक्षा मोठा प्रश्न आहे. सिकलच्या जनुकातच दुरुस्ती करणारा उपचार देशात तयार होतोय असंही पेपरात वाचलं. होऊ द्या, आनंद आहे. तोवर फॉलिक ॲसिडची, नवं रक्त तयार व्हायला लागणाऱ्या साध्या गोळीची, बाटली भरलेली असू द्या.

एक बारीक गोष्ट सांगतो, तुम्हाला बारीक वाटेल. शाळेत आठवड्यातून एकदा किशोरवयीन मुलांना निळी गोळी देतात, लोहाची. ॲनिमिया कमी करण्याचा तो वेगळा कार्यक्रम आहे, आणि चांगला आहे. पण सिकलचा ॲनिमिया लोह कमी पडल्यानं होत नाही. ज्याला वारंवार रक्त चढवावं लागतं त्याच्या अंगात लोह आधीच साचत जातं. माझ्या पोरीच्या वर्गात ती गोळी सगळ्यांना सरसकट वाटली जाते. मी शाळेत जाऊन सांगितलं, तिचं कार्ड दाखवलं. मॅडम म्हणाल्या, “आमच्या यादीत असं काही लिहून आलेलं नाही.” त्यांची चूक नाही. एकाच खात्याचे दोन कार्यक्रम, दोघांची दोन रजिस्टरं, आणि दोन्हींत एकाच पोरीचं नाव. एका रजिस्टरात ती रुग्ण आहे आणि दुसऱ्यात ‘लाभार्थी क्रमांक अमुक’. कार्डाचा उपयोग काय, तर निदान शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ते दिसावं.

आता रात्रीबद्दल. पूस महिन्यात झटके जास्त येतात, थंडीनं. मागच्या पुसात रात्री एकच्या सुमारास पोरगी उठून बसली. मांड्या धरून पुढं-मागं डुलत होती, आवाज नाही. सिकलची पोरं पुष्कळदा ओरडत नाहीत, दात आवळून बसतात. आम्ही पाणी पाजलं, गरम कपड्यानं शेकलं. तीनपर्यंत कमी झालं नाही, तेव्हा 108 ला फोन केला. गाडी आली, खोटं कशाला बोलू, तासाभरात आली. रुग्णालयात पोचलो. तिथं ड्युटीवर असलेल्या पोरसवदा डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. एक सुई दिली. अर्ध्या तासानं तिनं अजून दुखतंय म्हटल्यावर सिस्टर आमच्यासमोरच बोलली, “नाटक करून रायली. परीक्षा असन शाळेत.”

सुट्टी चालू होती, परीक्षा नव्हती. पण ते जाऊ द्या. तो डॉक्टर वाईट माणूस नव्हता. पहाटे त्यानं स्वतःहून सलाइन लावलं, नागपूरला कोणाला तरी फोन करून विचारलं आणि मग वरच्या ताकदीचं इंजेक्शन मिळवून दिलं. त्याला ठाऊक नव्हतं, इतकंच. सिकलचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही, पाणी आणि वेदनाशामक लवकर द्यावं लागतं, नुसत्या एका सुईवर ते भागत नाही, हे एक पान लिहून त्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेलं असतं तर तीन तास वाचले असते. साप चावल्यावर काय करायचं त्याचा तक्ता आहे त्या भिंतीवर. विदर्भात सिकलचा का नसावा?

झटका येण्याची आमची पंचांगं ठरलेली आहेत. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला गेलं, पाणी कमी पडलं की येतो. आषाढात रोवण्याच्या चिखलात दिवसभर वाकून उभं राहिलं की येतो. पुसात थंडीनं येतो. ताप आला की हमखास येतो. 19 जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो. त्या दिवशी तालुक्याला बॅनर लागतं, रॅली निघते, भाषणं होतात. त्या आठवड्यात गाव धानाचे पऱ्हे (रोपं) टाकायला बांधीत, शेतात, गेलेलं असतं. ज्यांच्यासाठी रॅली, ते कोणीच तिथं नसतात. शाळेची पोरं तेवढी असतात, कारण त्यांना आणलेलं असतं. तेच पैसे मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर (पानं जमा करतात तिथं) पाण्याचे माठ आणि एक समजावून सांगणारा माणूस ठेवायला खर्च केले, तर कितीतरी भरत्या टळतील.

अजून एक मुद्दा आहे, तो लिहिताना हात जरा अडखळतो. तुमच्या फलकांवर हा आजार आदिवासींचा म्हणून रंगवलेला असतो. गोंड, माडिया, कोलाम, परधान यांच्यात तो आहेच, आणि त्यांच्या वाट्याला तपासणी सगळ्यात उशिरा आली हेही खरं. त्यांच्या हक्काचं काही कमी करा असं मी सात जन्मांत म्हणणार नाही. पण आम्ही बौद्ध आहोत. माझ्या शेजारी तेली कुटुंब आहे, त्यांच्या दोन लेकरांना सिकल आहे. समोर कुणबी घर, तिथं एक. भारतात सिकलची पहिली नोंद 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत झाली, पण त्यानंतर सहाच वर्षांनी, 1958 साली, शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हापासून विदर्भातल्या महार, कुणबी, तेली समाजात तो आहे हे डॉक्टरमंडळींना ठाऊक आहे. कारणही सोपं आहे. ज्या मुलुखात मलेरियानं पिढ्यान्‌पिढ्या माणसं नेली, तिथं ए-एस असलेली माणसं मलेरियातून जास्त तगली आणि त्यांच्यासोबत सिकलही तगला. जंगल, बोड्या, धानाच्या बांध्या आणि डास आमच्या सगळ्यांच्या वाटणीचे होते. डासानं कोणाची जात विचारली नाही.

राज्याचा कार्यक्रम जात पाहून रक्त घेत नाही, हे मला मान्य आहे. पण शिबिराची गाडी कुठं थांबते ते यादीवर ठरतं. आमच्या शेजारचं गाव आदिवासी क्षेत्राच्या यादीत आहे, आमचं नाही, मधे फक्त नाला आहे. त्यांच्याकडं गाडी दोनदा गेली. आम्ही नाला ओलांडून गेलो आणि रांगेत उभे राहिलो, कोणी हाकललं नाही. पण ज्याला ठाऊकच नव्हतं तो नाला ओलांडून कशाला जाईल? उपकेंद्रांचंही तसंच. आदिवासी भागात 3 हजार लोकांमागं एक, इतरत्र 5 हजारांमागं. जंगल नाल्याच्या अलीकडंही तेवढंच दाट आहे आणि पावसाळ्यात रस्ता दोन्हीकडं सारखाच तुटतो.

‘आदिवासींचा आजार’ म्हटल्यानं दुहेरी नुकसान होतं. इतर समाजांतले लोक तपासायला लाजतात आणि निघाला तर लपवतात. वर आदिवासी पोरीला सासरच्यांचा टोमणा मिळतो की तुमच्यात असतंच.

दिव्यांग प्रमाणपत्राचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळं पत्र होईल. 2016 च्या कायद्यानं सिकलला दिव्यांगत्वात जागा दिली. नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या माणसानं सिकलग्रस्तांसाठी आयुष्य घातलं आणि 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली तीही मरणोत्तर, त्या सगळ्या धडपडीचं हे एक फळ. पण टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढं कागद लागतात. किती वेळा भरती झालात, किती वेळा रक्त चढवलं, डिस्चार्ज कार्ड काढा. ज्याला एसटी मिळाली नाही म्हणून तो घरीच कण्हत पडला, त्याच्याकडं कण्हण्याची पावती नसते. मग टक्केवारी चाळिसाच्या खाली येते आणि चाळिसाच्या खाली बहुतेक सवलती संपतात. गावातल्या अकरा जणांचे अर्ज मी भरलेत. त्यातले चार बोर्डाच्या तारखेलाच पोचू शकले नाहीत, कारण त्या दिवशी त्यांना झटका आला होता. आजार सिद्ध करायला जाता आलं नाही, कारण आजार होता. आणि ज्यांना चाळीस टक्के मिळाले त्यांनाही सरकारी नोकरीतलं दिव्यांगांचं आरक्षण नाही, रक्ताचे आजार त्या यादीत बसत नाहीत. माझी पोरगी विचारते, “बाबा, मग हे प्रमाणपत्र कशासाठी?” मी सांगतो, बारावीच्या पेपरात तासाला वीस मिनिटं जास्त मिळतील. ती म्हणते, “तेव्हा बघू.”

आता मागणं. दर महिन्याला तुमच्याकडं किती तपासण्या झाल्या आणि किती कार्डं वाटली त्याचा तक्ता जातो. त्याच तक्त्यात एक रकाना वाढवा. या उपकेंद्राच्या हद्दीत एस-एस रुग्ण किती, त्यांतल्या किती जणांना गेल्या महिन्यात पूर्ण तीस दिवसांचं औषध मिळालं. बस. हा रकाना भरावा लागला की साठा आपोआप हलेल, कारण मोकळ्या रकान्यावर व्हीसीमध्ये (व्हिडिओवरच्या बैठकीत) वरून विचारणा होते, हे आम्ही खालच्या लोकांनीही पाहिलंय. एक महिन्याचं औषध उपकेंद्रातच शिल्लक ठेवा, पावसाळ्यात दोन महिन्यांचं. पीएम-जनमन या अतिमागास आदिवासींसाठीच्या केंद्राच्या योजनेतून कोलाम पोडांवर आणि माडिया पाड्यांवर फिरते दवाखाने जातात, त्या गाडीतही हा डबा असू द्या. आशाताई रुग्णाच्या घरी जाऊन रिकामी पट्टी पाहते, तर त्या फेरीचा तिला मोबदला द्या. आता ती ते फुकट करते किंवा करत नाही. आणि कार्ड देताना रांगेत देऊ नका. खुर्ची टाका, आईबापाला बसवा, दहा मिनिटं त्यांच्या बोलीत बोला. गोंडीत बोलणारा माणूस शोधायला लागेल, पण तो सापडतो. निवडणुकीच्या वेळी सापडतोच ना.

तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर मंगळवार सोडून कधीही या. मंगळवारी आमच्याकडं बाजार असतो, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कालनिर्णयची दोन्ही वर्षांची पानं मी जपून ठेवली आहेत, झेरॉक्स काढून देतो. पैसे घेणार नाही.

कळावे,

एका सिकलसेलग्रस्त मुलीचा बाप

ता.क. पत्र लिहून झाल्यावर पोरीनं वाचलं. ती म्हणाली, “माळेचं काहून लिहिलं, लोक हसतील.” मी तिला म्हटलं, राहू दे.